दिल्ली-एनसीआर म्हणजे नेमकं कुठून कुठपर्यंत?

माझ्या मावसभावाला २०१७ मध्ये दिल्लीत नोकरी लागली. साताऱ्यात पेढे वाटून झाले, मावशीने गल्लीत सांगून टाकलं, ‘पोरगा दिल्लीला चाललाय.’ नेमणुकीच्या पत्रावर कामाचं ठिकाण म्हणून ‘दिल्ली-एनसीआर’ असं स्वच्छ छापलेलं होतं. पोरगा प्रत्यक्षात पोचला मानेसरला. मानेसर हरियाणात, गुरुग्राम जिल्ह्यात, इंडिया गेटपासून पन्नासेक किलोमीटरवर. भाडेकरार हरियाणाच्या स्टँपपेपरवर झाला, विजेचं बिल हरियाणाचं आलं. दिल्लीत वीज फुकट मिळते असं कुणीतरी मावशीला सांगितलं होतं, म्हणून तिने फोनवर विचारलं. तो म्हणाला, ‘अगं, मी दिल्लीत राहतच नाही.’ मावशी म्हणाली, ‘मग पत्रात खोटं लिहिलं होतं का त्यांनी?’

खोटं नव्हतं. दर हिवाळ्यात आपण बातम्या ऐकतो, दिल्ली-एनसीआरमध्ये बांधकामं थांबवली, दिल्ली-एनसीआरमध्ये जुन्या गाड्यांना बंदी, आणि हे जोडनाव पिंपरी-चिंचवडसारखं एका दमात म्हणून मोकळे होतो. जणू एक शहर आहे आणि त्याला चिकटून दुसरं. पण त्या जोडनावाचा दुसरा अर्धा भाग पहिल्यापेक्षा छत्तीस-सदतीस पट मोठा आहे.

आधी तीन दिल्ल्या सुट्या करू

सगळ्यात आतली दिल्ली म्हणजे नवी दिल्ली नगरपरिषदेची हद्द. राष्ट्रपती भवन, संसद, कॅनॉट प्लेस, बंगल्यांचे रुंद रस्ते. जेमतेम ४३ चौरस किलोमीटर. टीव्हीवर दिसते ती दिल्ली बहुतेक वेळा हीच.

तिच्याभोवती दिल्ली नावाचं, राज्यासारखं पण पूर्ण राज्य नसलेलं क्षेत्र. १,४८३ चौरस किलोमीटर. विधानसभा आहे, मुख्यमंत्री आहेत, पण पोलीस आणि जमीन केंद्राकडे. चांदणी चौक, करोल बाग, द्वारका, रोहिणी हे सगळं इथे. या दिल्लीची हद्दही काही आकाशातून पडलेली नाही. १९११ च्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवल्याची घोषणा झाली, १९१२ मध्ये पंजाब प्रांतातून एक तुकडा कापून दिल्ली प्रांत केला, आणि १९१५ मध्ये यमुनेच्या पलीकडची ६५ गावं संयुक्त प्रांतातून म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशातून काढून त्याला जोडली. शाहदरा, लक्ष्मीनगर हा सगळा पट्टा त्यातला. तिकडे आजही त्याला ‘यमुनापार’ म्हणतात, आणि म्हणणाऱ्याच्या सुरात थोडं ‘नदीपलीकडचे’ असतंच.

तिसरं वर्तुळ म्हणजे एनसीआर. पूर्ण नाव राष्ट्रीय राजधानी क्षेत्र. यात अख्खी दिल्ली, हरियाणाचे करनालपासून नूहपर्यंतचे जिल्हे, उत्तर प्रदेशचे मेरठ, गाझियाबाद, गौतम बुद्ध नगर, बुलंदशहर, बागपत, हापुड, शामली, मुझफ्फरनगर, आणि राजस्थानातला जुना अलवर व भरतपूर. एकूण ५५,०८३ चौरस किलोमीटर. त्यातलं हरियाणाचं २५ हजारांवर, उत्तर प्रदेशचं १५ हजारांच्या आसपास, राजस्थानचं साडेतेरा हजार. खुद्द दिल्ली शंभरात तीनसुद्धा नाही.

पानिपत एनसीआरमध्ये आहे

५५ हजार चौरस किलोमीटर म्हणजे किती, हे आकड्यावरून कळत नाही. आपला पुणे महसूल विभाग घ्या. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर हे पाच जिल्हे मिळून साधारण ५७ हजार. म्हणजे एनसीआर जवळपास एवढं. मंगळवेढ्याच्या ज्वारीवाल्याला आणि चंदगडच्या काजूवाल्याला ‘तुम्ही पुणे शहर परिसरात राहता’ असं कुणी सांगितलं तर तो काय म्हणेल? करनालचा भातवाला तेच म्हणतो. केरळ अख्खं यात मावतं आणि वर जागा उरते. मुंबई महानगर प्रदेश, जो आपल्याला अवाढव्य वाटतो, तो ६,३२८ चौरस किलोमीटरचा आहे.

मराठी माणसाला हा विस्तार दुसऱ्या वाटेनेही समजतो. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊ उत्तरेत गेले तेव्हाची ठिकाणं आठवा. भरतपूरचा सूरजमल जाट. ऑगस्टात घेतलेली दिल्ली. पुढे कुंजपुरा, जो आज करनाल जिल्ह्यात आहे. अब्दालीने यमुना उतरली ते बागपत. आणि शेवटी पानिपत. लढाईनंतर वाचलेल्यांना आसरा मिळाला तो पुन्हा सूरजमलच्या मुलखात. यातलं प्रत्येक ठिकाण आज एनसीआरमध्ये मोडतं. लाखभर माणसांचा लवाजमा कित्येक महिने ज्या मुलखात फिरत होता, तो आज कागदावर एका राजधानीचा ‘परिसर’ आहे.

आणखी एक गंमत. अलवरमध्ये सरिस्का आहे आणि भरतपूरमध्ये केवलादेवचं पक्षी अभयारण्य. म्हणजे राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात वाघ हिंडतात. दिल्लीच्या कुठल्याच जाहिरातीत हे येत नाही, हे बिल्डरांचं नुकसानच म्हणायचं.

एवढं मोठं केलं कशासाठी?

१९४१ मध्ये दिल्लीची लोकसंख्या नऊ लाखांच्या थोडी वर होती. १९५१ मध्ये ती साडेसतरा लाखांच्या जवळ गेली. मध्ये फाळणी झाली होती. छावण्यांत आलेली माणसं परत जाणार नव्हती, आणि राजधानी म्हटल्यावर कचेऱ्या, कारकून, दुकानं, मजूर येतच राहणार होते. १९६२ च्या दिल्लीच्या पहिल्या विकास आराखड्यातच लिहिलं गेलं की एकटी दिल्ली हे पेलणार नाही. गाझियाबाद, फरिदाबाद, गुडगाव, बहादूरगड, लोणी ही आजूबाजूची गावं वाढवा, म्हणजे गर्दी तिकडे वळेल. तेव्हा हरियाणा जन्मालाही यायचा होता, गुडगाव पंजाबात होतं.

कल्पना साधी आहे. लग्नघरी पाहुणे वाढले की शेजाऱ्यांकडे गाद्या टाकतात. पण शेजारी हो म्हणायला हवा. इथे शेजारी म्हणजे दुसरी राज्यं, आणि राज्यघटनेप्रमाणे जमीन व नगररचना हा राज्यांचा विषय. केंद्राने दिल्लीत बसून ‘मेरठमध्ये असं बांधा’ म्हणायची सोय नाही.

त्यावर घटनेतलाच एक मार्ग सापडला, कलम २५२. दोन किंवा जास्त राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून सांगितलं तर संसद राज्यांच्या विषयावरही त्या राज्यांपुरता कायदा करू शकते. हरियाणा, राजस्थान, उत्तर प्रदेश या तिघांनी ठराव केले आणि १९८५ मध्ये राष्ट्रीय राजधानी क्षेत्र नियोजन मंडळाचा कायदा आला. मंडळाचे अध्यक्ष केंद्राचे नगरविकास मंत्री, सदस्यांत सगळे मुख्यमंत्री. मंडळाची कामं दोन. सगळ्या क्षेत्राची मिळून प्रादेशिक योजना करायची, म्हणजे रस्ते, वस्त्या, उद्योग, शेती, जंगल कुठे असावं याचा आराखडा. आणि पाणी, सांडपाणी, रस्ते अशा कामांना कमी व्याजाने कर्ज द्यायचं.

यात काय नाही, ते जास्त महत्त्वाचं. एनसीआरला विधानसभा नाही. महापौर नाही. पोलीस नाहीत, कर नाही, झेंडा नाही. चार बिऱ्हाडांचा वाडा डोळ्यांसमोर आणा: चार चुली, चार मीटर, चार रेशनकार्डं, पण विहीर एक आणि सांडपाण्याची मोरी एक. मंडळ म्हणजे त्या वाड्यातली महिन्याची बैठक. ठराव होतात, चहा होतो, मोरी तुंबलेलीच राहते. मी थोडं जास्त कडू लिहितोय हे मान्य. पण ज्याच्या हातात परवानगी आणि बुलडोझर त्याचंच शेवटी चालतं, आणि ते दोन्ही राज्यांकडे आहे.

गर्दी शेजारी वळवायचा बेत फसला म्हणावं तर तसंही नाही. तो इतका सफल झाला की शेजारीच शहर झाले. १९७६ मध्ये उत्तर प्रदेशने दिल्लीतल्या ओखल्याच्या नदीपार एक औद्योगिक वसाहत काढली. तिच्या प्राधिकरणाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं म्हणजे नोएडा, आणि त्यातलं ‘ओ’ हे दिल्लीच्या ओखल्याचं! आपल्याकडे नाशिकला लोक ‘सिडकोत राहतो’ म्हणतात तसंच हे, फक्त इथे अख्ख्या शहराचं नाव तेच पडलं. त्या शहराला आजही महापालिका नाही, प्राधिकरणच कारभार पाहतं.

जिल्हे वाढत का गेले?

सुरुवातीला क्षेत्र तीस हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं. २०१३ मध्ये भिवानी, महेंद्रगड आणि भरतपूर आले. २०१५ मध्ये जिंद, करनाल, मुझफ्फरनगर. मग शामली. करनाल दिल्लीपासून सव्वाशे किलोमीटर, भरतपूर पावणेदोनशेच्या पुढे. तिथून रोज सकाळी डबा घेऊन कुणी दिल्लीला कामाला जात नाही.

तरी आत यायची धडपड होती, कारण आत आलं की मंडळाचं स्वस्त कर्ज मिळतं आणि ‘एनसीआर’ हे तीन अक्षरी लेबल जमिनीला लागतं. सातबाऱ्यावर काही बदलत नाही, पण एजंटाच्या फलकावर बदलतं. आमदार-खासदारांना हे दाखवायला बरं. त्या वेळी आत येण्याची किंमत काय, हे फारसं कुणी विचारलं नाही. ते पुढे येईलच.

मुंबई मोठी की दिल्ली?

या प्रश्नावर पुण्याच्या कट्ट्यावरही मारामारी होते, आणि दोन्ही बाजूंकडे सरकारी आकडे असतात. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबई नागरी समूह १ कोटी ८४ लाख, दिल्ली नागरी समूह १ कोटी ६३ लाख. मुंबई पहिली. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अहवालात दिल्ली २ कोटी ९० लाखांच्या आसपास, टोकियोखालोखाल जगात दुसरी, मुंबई बरीच मागे. सात वर्षांत दिल्ली एवढी फुगली?

नाही. मोजायची रेघ बदलली. ‘नागरी समूह’ हा जनगणनेचा शब्द: एकमेकांना सलग चिकटलेली शहरं आणि त्यांच्या कडेची वाढ मिळून एक घटक. म्हणून ठाणे, कल्याण, नवी मुंबई मुंबईत धरली जातात. पण आपल्या जनगणनेत नागरी समूह राज्याची सीमा ओलांडत नाही. घरं सलग आहेत, रस्ता सलग आहे, मेट्रो सलग आहे, तरी नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद, गुरुग्राम दिल्लीच्या हिशोबात नाहीत. मुंबईची उपनगरं एकाच राज्यात असल्याने तिला हा फटका बसत नाही. संयुक्त राष्ट्रांनी राज्यसीमा बाजूला ठेवून चिकटलेली शहरं धरली, दिल्ली पुढे गेली.

लग्नाला किती माणसं होती, याचं उत्तर कुठली यादी त्यावर असतं. हळदीची, मुहूर्ताची की स्वागत समारंभाची? तिन्ही खरी.

आणि अख्खं एनसीआर धरलं तर? २०११ च्या लोकसंख्येने ५ कोटी ८० लाखांच्या वर, म्हणजे अर्ध्या महाराष्ट्राएवढी. काही उत्साही लोक हा आकडा घेऊन ‘जगातलं सर्वांत मोठं महानगर’ म्हणतात. त्यात भिवानीची बाजरी आणि सरिस्काचं जंगलही आलं, हे ते सांगत नाहीत. २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मोजायची पद्धत पुन्हा बदलली, राज्याच्याच काय, प्रशासनाच्या कुठल्याच हद्दी न पाहता दाट वस्तीचे सलग पट्टे धरले, तर जकार्ता पहिलं, ढाका दुसरं, टोकियो तिसरं आणि दिल्ली चौथी झाली. टोकियोतून रातोरात कुणी उठून गेलं नव्हतं.

अमेरिकेत हेच काम आणखी वेगळ्या मापाने करतात. तिथे जिल्ह्यासारख्या काउंट्या असतात. एखाद्या काउंटीतले किमान २५ टक्के नोकरदार मूळ शहराच्या काउंट्यांत कामाला जात असतील, तर ती त्या महानगरात धरतात, मग राज्य कुठलंही असो. म्हणूनच न्यू यॉर्क महानगराच्या अधिकृत नावातच न्यू जर्सी राज्यातली नेवार्क आणि जर्सी सिटी ही शहरं आहेत. एडिसनला राहणारा आपला मराठी माणूस गणपतीत फोनवर ‘न्यू यॉर्कजवळ’ म्हणतो ते सरकारी हिशोबानेही बरोबर. हे माप मला सगळ्यात प्रामाणिक वाटतं: माणूस रोज सकाळी कुठे जातो ते पाहा. करनाल या चाळणीतून खाली पडेल, नोएडा राहील.

प्रत्येक कामाची रेघ वेगळी

खरं तर दिल्लीभोवती एक रेघ नाहीच, पाच-सात आहेत.

फोनवाल्यांची दिल्ली म्हणजे दिल्ली, गाझियाबाद, फरिदाबाद, नोएडा, गुडगाव. मोबाईलचं दिल्ली सर्कल असंच आखलेलं आहे. (मुंबई सर्कलमध्ये नवी मुंबई आणि कल्याण येतं, त्याच धर्तीवर.) केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या घरभाडे भत्त्याची दिल्लीही नेमकी हीच: या चार शहरांत राहणाऱ्या कर्मचाऱ्याला दिल्लीच्या दराने भत्ता मिळतो. भाडं कुठवर दिल्लीसारखं आहे हे हिशोब खात्याला बरोबर कळलं.

गाडीच्या पाटीची दिल्ली मात्र काटेकोर. डीएल म्हणजे दिल्ली, एचआर २६ गुरुग्राम, एचआर ५१ फरिदाबाद, यूपी १६ नोएडा, यूपी १४ गाझियाबाद. सिग्नलला भांडण झालं की आधी पाटी बघतात, मग शिवी ठरते.

दारूची दिल्लीही वेगळी. दिल्लीत प्यायचं कायदेशीर वय २५, हरियाणात २१. मेट्रोच्या एकाच डब्यात बसलेला तेवीस वर्षांचा पोरगा गुरुग्रामला उतरला तर सज्ञान, मागच्या स्टेशनांवर उतरला तर नाही.

आणि मेट्रो. दिल्ली मेट्रो २००९ मध्ये नोएडात, २०१० मध्ये गुडगावात, मग वैशाली, फरिदाबाद, बहादूरगडला पोचली. माझ्या मते या प्रदेशाला एक करायचं काम मंडळाच्या कागदांपेक्षा तिने जास्त केलं. पण तीसुद्धा कुठेतरी थांबतेच. नोएडात निळ्या लाइनने जाऊन सेक्टर ५२ ला उतरा. ग्रेटर नोएडाला जायचं असेल तर तिथून ऍक्वा लाइन घ्यायची. ती सुटते सेक्टर ५१ हून. ती वेगळ्या कंपनीची, म्हणून तिकीट वेगळं, कार्ड वेगळं, स्टेशन वेगळं. मी गेलो तेव्हा उन्हाळा होता. ५२ चा जिना उतरायचा, रस्त्याला लागायचं, ई-रिक्षावाल्यांच्या ‘इक्यावन, इक्यावन’ अशा हाकांमधून वाट काढत तीनशेएक मीटर चालायचं, आणि मग पुन्हा तपासणी, पुन्हा तिकीट. त्या तीनशे मीटरमध्ये राज्याची सीमाही नाही, दोन्ही स्टेशनं नोएडातच! सीमा फक्त दोन हिशोबवह्यांमधली.

दिल्ली-मेरठ ‘नमो भारत’ रेल्वेचं याच्या उलट. ८२ किलोमीटरचा हा मार्ग बांधणाऱ्या कंपनीत निम्मा वाटा केंद्राचा आणि दिल्ली, हरियाणा, राजस्थान, उत्तर प्रदेश यांचा प्रत्येकी साडेबारा टक्के. सगळ्यांचा पैसा एका पेटीत टाकायचा म्हटलं की एक जण हात आखडता घेतोच. २०२३ मध्ये दिल्ली सरकारने ४१५ कोटींचा वाटा थकवला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ‘तुमच्या जाहिरातींचा पैसा इकडे वळवू’ असा दम भरला. पहिला तुकडा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुरू झाला. तो दिल्लीत नव्हता, उत्तर प्रदेशात होता, साहिबाबाद ते दुहाई.

रेघ उसनी घेतली की काय होतं?

आतापर्यंतचं सगळं गमतीचं होतं. त्रास सुरू होतो तो एका कामासाठी आखलेली रेघ दुसऱ्या कामाला वापरली की.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना दिल्ली-एनसीआरमध्ये मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते उचलून धरलं आणि पेट्रोलच्या गाड्यांना पंधरा वर्षं घातली. हेतू दिल्लीची हवा. पण ‘एनसीआर’ या शब्दाची कायद्यातली व्याख्या कुठली? १९८५ च्या नियोजन कायद्याची. जी रेघ कर्ज आणि रस्त्यांसाठी आखली होती, जी आमदारांनी हौसेने लांब लांब नेली होती, ती आता गाडीच्या आयुष्याची रेघ झाली. भरतपूरच्या दुधवाल्याची दहा वर्षं जुनी डिझेल पिकअप बाद, आणि पटियाल्यातली, जिथला शेतातला धूर वाऱ्याबरोबर दिल्लीला येतो, ती चालू. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने निव्वळ वयावरून मालकांवर कारवाई करायला तात्पुरती स्थगिती दिली, पण तोवर अनेकांनी गाड्या कवडीमोलाने विकल्या होत्या.

हवेला नियोजन मंडळाचा नकाशा दाखवून उपयोग नाही, हे शेवटी सरकारलाही पटलं. २०२१ च्या कायद्याने हवेसाठी वेगळा आयोग नेमला. त्याच्या नावातच ‘राष्ट्रीय राजधानी क्षेत्र आणि लगतचे भाग’ असं आहे, आणि लगतच्या भागात पंजाबही येतो. हवा बिघडेल तसे टप्प्याटप्प्याने निर्बंध लावायची जी योजना बातम्यांत ‘ग्रॅप’ म्हणून ऐकू येते, ती आता हाच आयोग लावतो.

मग सगळं मिळून एकच राज्य का करत नाहीत?

हा प्रश्न कुणीतरी विचारतोच, विशेषतः २०२० चा उन्हाळा ज्याने पाहिला तो. करोनात हरियाणा आणि उत्तर प्रदेशने दिल्लीच्या सीमा बंद केल्या, जूनच्या सुरुवातीला दिल्लीनेही केल्या. फरिदाबादला राहणारी आणि दिल्लीच्या इस्पितळात काम करणारी परिचारिका सीमेवर पोलिसांना ओळखपत्र दाखवत उभी. ४ जूनला सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितलं की बसा आणि एक सामायिक पास काढा. ७ जूनला दिल्लीच्या मंत्रिमंडळाने ठरवलं की दिल्ली सरकारची आणि खासगी इस्पितळं फक्त दिल्लीच्या रहिवाशांसाठी. दुसऱ्याच दिवशी नायब राज्यपालांनी तो निर्णय फिरवला. वाड्यात साथ आली आणि प्रत्येकाने आपल्या दाराला आतून कडी घातली.

तरीही एक राज्य होणार नाही. हरियाणाचं निम्म्याहून जास्त क्षेत्रफळ, सत्तावन्न टक्के, एनसीआरमध्ये आहे. ते काढून घेतलं तर हरियाणा नावाला उरेल. गुरुग्रामच्या कचेऱ्या आणि कारखान्यांतून येणारा महसूल सोडायला कुठला मुख्यमंत्री तयार होईल? उत्तर प्रदेशचं नोएडाबद्दल तेच. आणि खुद्द दिल्लीला अजून स्वतःचे पोलीस मिळालेले नाहीत, तिथे बाकीच्यांचं कोण बघतो.

‘मग एनसीआरमध्ये राहिल्याने मला दिल्लीचं काय मिळतं?’ असंही विचारतात. सरळ उत्तर: फार काही नाही. मत तुमच्या राज्यात, फुकट वीज दिल्लीकरांना, दिल्ली सरकारच्या विद्यापीठांतल्या ८५ टक्के जागा दिल्लीच्या विद्यार्थ्यांना. मावशीला मी हेच सांगितलं होतं.

आता बाहेर पडायचंय

नवा नवा हुरूप ओसरल्यावर हिशोब उलटा झाला. कर्जाच्या फायद्यापेक्षा गाड्या, फटाके, वीटभट्ट्या, जनरेटर यांवरच्या बंदीचा जाच मोठा वाटू लागला. हरियाणाने लांबचे जिल्हे बाहेर काढायची भाषा सुरू केली. २०२१ मध्ये मंडळाने २०४१ पर्यंतच्या योजनेचा मसुदा आणला, त्यात सुचवलं की राजघाटापासून शंभर किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा, तेच सलग एनसीआर. पलीकडे फक्त ठरावीक शहरं आणि महामार्गांच्या दुतर्फा एकेक किलोमीटरच्या पट्ट्या.

कंपासने काढलेलं वर्तुळ नीटनेटकं दिसतं, पण दोन गोष्टी त्यातून सुटतात. एक, दिल्लीच्या नळाचं मोठं पाणी करनालजवळच्या मुनक इथून कालव्याने येतं. २०१६ च्या फेब्रुवारीत आंदोलकांनी तो कालवा फोडला तेव्हा दिल्लीचे नळ कोरडे पडले होते. म्हणजे भातवाला करनालकर ‘आम्ही कसले राजधानीवाले’ म्हणतो ते रोजच्या प्रवासाच्या मापाने खरं, पाण्याच्या मापाने नाही. दोन, अरवली. २०२१ पर्यंतच्या जुन्या योजनेत अरवलीचे डोंगर, जंगल, पाणवठे यांना नैसर्गिक संवर्धन पट्टा म्हणून जपलं होतं. त्यात अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त बांधकामाला परवानगी नव्हती. डिझेल गाडीवरची बंदी सुटावी म्हणून जिल्हा बाहेर काढला, तर त्या डोंगरांवरचं हे छत्रही त्याच्याबरोबर निघून जातं. गाडीवाल्याला ते नको असतं असं नाही, त्याच्या ते गावीही नसतं. दगडखाणवाल्याच्या मात्र असतं.

मावसभावाने साताऱ्याहून जुनी डिझेल गाडी मानेसरला नेली होती, एमएच ११ पाटीची. २०१९ मध्ये तिला दहा वर्षं झाली. गॅरेजवाल्याने सांगितलं, इथे पकडली तर जप्त होईल, विकायला गेलात तर भंगाराचा भाव. त्याने दिवाळीची रजा टाकली आणि गाडी घेऊन निघाला. रेवाडी गेलं, नीमराणा गेलं, बहरोड गेलं, आणि कोटपूतलीच्या अलीकडे कुठेतरी त्याची मेलेली गाडी पुन्हा जिवंत झाली. तिथे ना पाटी, ना नाका, त्याला कळलंही नाही. कोटपूतलीच्या धाब्यावर त्याने चहा घेतला आणि मला फोन केला, ‘सुटलो रे.’ गाडी अजून कोरेगावला मामांकडे आहे. उसाच्या वाड्याचे भारे वाहते.